जळालेल्या घटकाची ओळख (नेटवर्क स्विच)

नेटवर्क स्विचच्या सर्किट बोर्डवर जळून खुणा पुसलेल्या घटकाचा प्रकार व मूल्य ठरविण्याची प्रक्रिया.

इथरनेटच्या तारेतूनच वीज पुरविण्याचे आयईईई 802.3एएफ हे मानक 2003 मध्ये आले (प्रतिपोर्ट 15.4 वॅट); 2018 च्या 802.3बीटीने ही मर्यादा 90 वॅटपर्यंत नेली. सुरतजवळच्या इच्छापोरसारख्या औद्योगिक वस्तीत इमारतींबाहेरून गेलेल्या लांब तांब्याच्या तारांतून पावसाळ्यात विजेची लाट (→ तडित) पोर्टापर्यंत पोचू शकते. पोर्टातली ही वीज किंवा बाहेरची लाट यांमुळे तेथील घटक जळू शकतो.

बोर्डवर घटकाशेजारी छापलेले अक्षर प्रकार सांगते : आर म्हणजे रेझिस्टर, सी कपॅसिटर, डी डायोड, क्यू ट्रान्झिस्टर. मूल्यासाठी सर्वांत भरवशाचा आधार शेजारच्या पोर्टाचा. स्विचमध्ये तेच मंडल पोर्टागणिक पुन्हा येते. म्हणून शाबूत पोर्टावरील त्याच जागेचा अंकसंकेत वाचता येतो, वीज बंद ठेवून मल्टिमीटरने (→ बहुमापक) रोधही मोजता येतो. जळालेल्या रेझिस्टरवरचे मापन मात्र विश्वासार्ह नसते. पोर्टाच्या ट्रान्सफॉर्मरच्या मध्यबिंदूंना जोडलेले रेझिस्टर बहुधा 75 ओहमचे असतात. त्यांवर ‘750’ लिहिलेले आढळते. तिसरा अंक पुढील शून्यांची संख्या दाखवतो, त्यामुळे ते 750 ओहम समजणे चूक. लहान सिरॅमिक कपॅसिटरवर संकेतच नसतो. तो उतरवून मोजावा लागतो, आणि त्याची व्होल्ट-मर्यादा तरीही कळत नाही.

जळालेला रेझिस्टर अनेकदा परिणाम असतो, कारण नव्हे. पुढचा ट्रान्झिस्टर किंवा चिप (→ संकलित मंडल) आतून शॉर्ट असल्यास नवा घटकही जळतो.