बुप्पोसो

जपानी व्हिडिओ गेमच्या धंद्यात 'ट्रेझर' ही तशी चिमुकली कंपनी. कोनामी सोडून आलेल्या मंडळींनी १९९२ साली काढलेली. पुढच्याच वर्षीच्या 'गनस्टार हीरोज'ने तिचं नाव झालं; पण शब्दांचा नाद असलेल्याने मुक्काम करावा तो 'इकारुगा'पाशी. हा २००१ साली आर्केडमध्ये आलेला, विमानाने गोळीबार करायचा गेम. बटण दाबलं की आपलं विमान काळ्याचं पांढरं होतं. काळं असताना ते काळ्या गोळ्या खुशाल गिळतं, पांढरी लागली की विमान खल्लास.

इकारुगा हे एका पक्ष्याचं जुनं नाव. हल्ली त्याला नुसतं इकारु म्हणतात. राखी अंग, काळं डोकं, जाडजूड पिवळी चोच. चोचीत बी घोळवत बसतो म्हणून 'मामेमावाशी', म्हणजे दाणे फिरवणारा, असंही त्याला म्हणतात. लिहिताना वापरतात त्या दोन चिन्हांचा सरळ अर्थ मात्र 'कबरं कबूतर'. पक्षी कबुतराच्या कुळातला नाहीच! तरी काळ्यापांढऱ्याच्या या गेमला ते 'कबरं' चिन्ह नेमकं शोभतं. नारा प्रांतातलं जुन्या होर्युजी मंदिराचं गावही इकारुगाच, त्यामुळे नावाला बौद्ध वास आहेच.

तो वास पुढे चांगलाच दरवळतो. टप्प्यांच्या शेवटी भिडणारी महाकाय शत्रुयंत्रंही बहुतेक पक्ष्यांच्याच नावांची, आणि दुसऱ्या टप्प्यावरचं 'बुप्पोसो'. हा शब्द फोडला की बुत्सु, हो, सो: बुद्ध, धर्म, संघ, म्हणजेच त्रिरत्न. यातला 'हो' हा धर्माचा अर्थाने केलेला अनुवाद. 'बुत्सु' आणि 'सो' मात्र आपल्याच 'बुद्ध' आणि 'संघ' यांचे उच्चार, चिनी जिभेवरून घासत जपानला पोचलेले. संघाचा 'सो' व्हायला किती तोंडं लागली असतील!

पक्ष्याला हे नाव पडलं ते आवाजावरून. रात्री डोंगरातल्या रानात 'बुप्-पो-सो' अशी साद यायची. दिवसा तिथेच निळ्याहिरव्या पिसांचा, लाल चोचीचा देखणा पक्षी दिसायचा. एवढं त्रिरत्न जपणारा दुसरा कोण असणार, असं म्हणून लोकांनी नाव त्याला देऊन टाकलं. खरा जपकरी निघाला एक इवलंसं घुबड, कोनोहाझुकु. १९३५ साली ती साद रेडिओवरून ऐकवली गेली, त्याच सुमारास हा घोळ उलगडला. देखण्याचं नाव काढून घेण्याचं धाडस मात्र कोणी केलं नाही. तडजोड अशी झाली की तो 'रूपाचा बुप्पोसो' आणि घुबड 'आवाजाचा बुप्पोसो'.

पक्षिशास्त्राने तर त्या चुकीवर शिक्काच मारला. देखण्या पक्ष्याच्या अख्ख्या गणालाच जपानीत 'बुप्पोसो गण' म्हणतात. त्या गणात आपला खंड्या येतो, नीलपंख येतो आणि तारेवर बसून माश्या टिपणारा वेडा राघूसुद्धा.