तेलनिर्मितीची जनुके : करडईच्या तेलाचा इतिहास

वनस्पतींच्या बिया व फळे यांतील तेलाचे प्रमाण आणि त्याचा प्रकार ही दोन्ही आनुवंशिक लक्षणे असून ती नियंत्रित करणाऱ्या घटकांना तेलनिर्मितीची जनुके (जीन) म्हणता येईल. तेलाचे प्रमाण बहुधा अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामावर अवलंबून असल्याने ते निवड पद्धतीने सावकाश वाढते. अमेरिकेतील इलिनॉय येथे १८९६ मध्ये मक्यावर सुरू झालेल्या प्रयोगात दाण्यांतील तेल सु. ४·७ टक्क्यांवरून अनेक पिढ्यांनंतर सु. २० टक्क्यांपर्यंत गेले. याउलट तेलाचा प्रकार कधीकधी एकाच जनुकाने पालटतो. करडई हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे महत्त्व मुंबईतील वनस्पती तुपाच्या उद्योगाशी तुलना केली असता स्पष्ट होते.

परळ व लालबाग यांच्या पूर्वेस, बंदरालगतच्या शिवडी येथे हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने (स्थापना १९३१) १९३२ मध्ये वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू केले. १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले व पुढे ते वनस्पती तुपाचे पर्यायी नावच बनले. भारतात या उद्योगाचा कच्चा माल दीर्घकाळ मुख्यत्वे भुईमुगाचे तेल हा होता. तेलाच्या रेणूंतील द्विबंधांच्या जागी निकेल या उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन जोडला असता तेल घट्ट होते व लवकर खवट होत नाही. या कृतीचे, म्हणजे द्रव तेलांच्या हायड्रोजनीकरणाचे, १९०२ मधील एकस्व (पेटंट) जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म नॉर्मान यांचे होय. तुपापेक्षा स्वस्त व टिकाऊ असल्याने शहरी कुटुंबांत हा पदार्थ रुळला. मात्र अपुऱ्या हायड्रोजनीकरणात ट्रान्स वसाम्ले निर्माण होतात आणि ती हृदयविकाराचा धोका वाढवितात, हे १९९० नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले. भारतात खाद्यतेले व वनस्पती तूप यांतील त्यांची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली.

करडई हे सोलापूर, मराठवाडा इ. भागांतील रब्बी हंगामाचे जुने कोरडवाहू पीक आहे. तिच्या नेहमीच्या तेलात दोन द्विबंध असलेले लिनोलीइक अम्ल सु. ७५ टक्के असते. त्यामुळे ते हवेत लवकर सुकते व रंगलेपांसाठीही उपयोगी पडते. पण तळणासाठी वारंवार तापविल्यास लवकर बिघडते. १९५७ मध्ये हॉरोविट्झ व विंटर यांनी कमी आयोडीन मूल्याच्या, म्हणजे कमी द्विबंध असलेल्या, करडई तेलाची नोंद केली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पी. एफ्. नोल्स व त्यांचे सहकारी मुतवकिल यांनी भारतातून गेलेल्या बियाण्यातील अशा निवडींचा अभ्यास करून १९६३ मध्ये त्यांची आनुवंशिकता स्पष्ट केली. एक अप्रभावी जनुक आई व बाप या दोहोंकडून आले, तर एकच द्विबंध असलेल्या ओलेइक अम्लाचे प्रमाण सु. ७५ टक्क्यांवर जाते आणि लिनोलीइक अम्ल तेवढेच घटते. तेलाचा प्रकार बीजातील गर्भाच्या जनुकांवर ठरत असल्याने संकरित झाडाच्या एकाच बोंडातील निरनिराळ्या बियांचे तेलही भिन्न असू शकते.

यामागील जीवरासायनिक कारण पुढे उलगडले. ओलेइक अम्लात दुसरा द्विबंध निर्माण करणाऱ्या एंझाइमाचे जनुक १९९४ मध्ये ॲराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीत प्रथम वेगळे करण्यात आले. करडईतील त्याच प्रकारच्या जनुकातील एक न्यूक्लिओटाइड गळाल्याने कार्यक्षम एंझाइम तयार होत नाही व साखळी ओलेइक अम्लापाशीच थांबते, असे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१३ च्या सुमारास दाखविले. शिवडीच्या कारखान्यात हायड्रोजन व निकेल वापरून जो टिकाऊपणा साधला जाई, तो येथे बीजातच आणि ट्रान्स वसाम्लांविना साधतो. असे तेल द्रवच राहते. त्यामुळे तळणासाठी ते वनस्पती तुपाची जागा घेऊ शकते, घट्टपणा आवश्यक असलेल्या पदार्थांत नाही.

या बियाण्याचा व्यापारी लाभ प्रथम कॅलिफोर्नियाने घेतला. ओलेइकसमृद्ध करडईचा पहिला वाण तेथे १९६६ मध्ये प्रसारित झाला. भारतात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था (स्थापना १९६८) व सोलापूर येथील संशोधन केंद्र यांनी करडईचे सुधारित वाण दिले. तथापि काटेरी पिकाच्या काढणीचे कष्ट आणि इतर पिकांची स्पर्धा यांमुळे तिचे क्षेत्र गेल्या काही दशकांत बरेच घटले. भुईमुगाचे गिरनार-४ व गिरनार-५ हे ओलेइकसमृद्ध भारतीय वाण २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होत असताना स्थानिक वाण शेतांतून नाहीसे होणे ही केवळ पिकाची हानी नव्हे. त्यांच्याबरोबर अद्याप न तपासलेली जनुकेही लोप पावतात.