दारूच्या परवान्याचा अर्ज कोणी वाचायचा?

रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा नवा बार उघडला की लोक विचारतात, "याला परवानगी दिली कुणी?" मला वाटतं, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. परवाना मिळण्याआधी एक अर्ज झालेला असतो. तो अर्ज आपल्याला कधी दिसला?

दप्तर, अर्ज, परवाना, आबकारी हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. त्या दप्तरातला कागद मात्र रयतेचा कधी झाला नाही. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा 1878चा. त्या काळी दारूविक्रीचे ठेके लिलावानेही दिले जात. लिलाव चारचौघांत व्हायचा, पण तिथे बोली लावणाऱ्याचाच आवाज चाले. 1880 मध्ये महात्मा फुल्यांनी पुण्यातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेतला. ते नगरपालिकेचे सभासद होते. बाहेरच्या माणसाला कागद मागण्याचा हक्कच नव्हता. 1923च्या शासकीय गोपनीयता कायद्याने तर सरकारी दप्तराला आणखी एक कुलूप लागलं.

आपल्या शेजारच्या फैजपुरात 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. दारूबंदी हा त्या पक्षाचा जुना आग्रह. त्यातूनच पुढे 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला. गंमत अशी, की आज महाराष्ट्रात दारूविक्रीचे परवाने याच दारूबंदी कायद्याखाली दिले जातात.

कुलूप निघालं ते 2005च्या माहिती अधिकार कायद्याने. त्याचं कलम 4 सांगतं, की दिलेल्या परवान्यांचा तपशील कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावा. नीट वाचा: 'दिलेल्या'. ज्यावर निर्णय व्हायचा आहे, त्या अर्जाचं नाव तिथे नाही. तो हवा असेल तर राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात दहा रुपये भरून माहिती मागावी लागते. उत्तराची मुदत साधारण 30 दिवस. अर्जदाराची व्यावसायिक गुपितं असतील तर त्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि मुदत वाढते. तोवर दुकानाचा बोर्ड लागलेला असू शकतो.

मग उरते आडवी बाटली. 2008च्या आदेशानुसार आधी 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी झाली की मतदान. त्यातही झालेल्या मतांपैकी नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं बाटली आडवी करण्यासाठी पडायला हवीत. ऊसतोडीला गेलेली, मजुरी बुडेल म्हणून न आलेली, नवऱ्याने घरी बसवलेली, अशा प्रत्येक बाईची गैरहजेरी दुकानदाराच्या पारड्यात पडते.

दुकान बंद करायला हजारो बायांनी घराबाहेर पडायचं आणि उघडायला एक फाईल पुरते. म्हणून माझं मागणं साधं आहे. अर्ज आला त्याच आठवड्यात जागेचा पत्ता, परवान्याचा प्रकार आणि शाळा, मंदिर, मशिदीपासून मोजलेलं अंतर नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. मोजणी बरोबर आहे की नाही, हे त्या गल्लीतल्या बाया पावलं मोजून सांगतील.