फॅब्रीचा उंदीर: दिसायला ठणठणीत, पण…

कसब्या बावड्याचा कचऱ्याचा डोंगर आपल्याला माहितीय. पेशीतला कचरा फोडतो तो लायसोसोम. फॅब्री आजारात त्यातलं एक एन्झाइम कमी पडतं आणि चरबी साचते, हे 1967 मध्ये अमेरिकेतल्या एनआयएचमध्ये रॉस्को ब्रेडींच्या टीमनं दाखवलं. 1997 ला तिथंच अशोक कुलकर्णींच्या लॅबनं, ब्रेडींना सोबत घेऊन, ते जनुक बंद केलेला उंदीर तयार केला. दहा आठवड्यांचा उंदीर दिसायला ठणठणीत, पण किडनीत आणि लिव्हरमध्ये चरबी साचलेली! अमेरिकेत एन्झाइमचं औषध मंजूर झालं ते 2003 ला, म्हणजे कारण कळल्यावर 36 वर्षांनी. भारताच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातही फॅब्रीचं नाव आहे, पण अवयव फार बिघडायच्या आत निदान झालं असेल तरच. उंदरानं हेच सांगितलं होतं: लक्षणांची वाट बघू नका.