वत्सगुल्माची रेषा आणि परत येणारं रॉकेट

विषय उपग्रहांचा आहे आणि मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे यंत्राची माहिती गरजेपुरतीच देईन. मला विचारायचंय ते एवढंच, की दुरून पाहिलेलं खरं कधी मानायचं? हा प्रश्न आपल्या वाशीमला फार जुना आहे.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणं दिली आहेत. त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचंही नाव आहे. इथल्या मध्यमेश्वराच्या मंदिराशी लोक ती रेषा जोडतात. आज मोजलं तर वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सुमारे १४० किलोमीटर भरतं. पण त्या काळी रेखांशातला फरक मोजायचा तर दोन गावी एकच चंद्रग्रहण पाहायचं आणि वेळा ताडून बघायच्या. एका अंशाला ४ मिनिटं. म्हणजे ही चूक वेळेत जेमतेम साडेपाच मिनिटांची! घटिकापात्रावर वेळ मोजणाऱ्यांची ही चूक मी तरी मोठी मानत नाही.

आता तेराशे वर्षं पुढे येऊ. भारताचा पृथ्वीकडे पाहणारा पहिला उपग्रह ७ जून १९७९ रोजी निघाला, त्याचं नाव ‘भास्कर’. दोन्ही भास्कराचार्यांच्या स्मरणार्थ ते ठेवलेलं. उपग्रह आपला, पण रॉकेट सोव्हिएत, आणि उड्डाण कापुस्तिन यारहून. दोनच महिन्यांनी आपलं एसएलव्ही-३ पहिल्या उड्डाणात समुद्रात पडलं. १८ जुलै १९८० रोजी ते यशस्वी झालं, तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते. पण त्या रॉकेटची ताकद जेमतेम ४० किलोची. म्हणून १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रहही बैकानूरहून सोव्हिएत रॉकेटवरच गेला. पुढे पीएसएलव्ही आलं आणि ही गरज संपली.

ही सगळी रॉकेटं एकदाच वापरायची. मुंबईला एक खेप करून ट्रक दरीत ढकलून द्यावा, तसा हा व्यवहार. अमेरिकेचं स्पेस शटल परत यायचं, पण दर खेपेनंतर त्याची दुरुस्तीच इतकी निघायची की स्वस्ताई काही आली नाही. खरा बदल फाल्कन-९ ने केला. त्याचा खालचा टप्पा, म्हणजे नऊ इंजिनांचा सगळ्यात महागडा भाग, अडीचेक मिनिटं ढकलून सुटा होतो, उलटा वळतो, इंजिनं पुन्हा पेटवतो आणि पायांवर उतरतो. डिसेंबर २०१५ मध्ये तो पहिल्यांदा असा उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. वरचा टप्पा मात्र अजूनही वायाच जातो. आपली इस्रोही या वाटेवर आहे. २ एप्रिल २०२३ रोजी चित्रदुर्गजवळ तिचं पंखांचं यान हेलिकॉप्टरमधून सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं.

१४ जानेवारी २०२५ रोजी फाल्कन-९ ने कॅलिफोर्नियातून एकाच खेपेत १३१ लहानमोठी यंत्रं नेली. वडापच म्हणा ना! त्यांत बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचे ‘फायरफ्लाय’ नावाचे तीन उपग्रह होते. म्हणजे पुन्हा डोळा आपला आणि गाडी दुसऱ्याची. १९७९ सालीही तेच होतं, म्हणून मला त्यात कमीपणा वाटत नाही. फरक दिसण्यात पडलाय. ‘भास्कर’च्या चित्रातला एक ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका सव्वा एकराचा. फायरफ्लायचा ५ मीटरचा. त्यात एकेक शेतसुद्धा वेगळं काढता येईल.

मग प्रश्न सुटला का? इथे न्यायशास्त्राची मदत घेऊ. डोंगरावर धूर दिसला की आपण म्हणतो, आग आहे. हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. ते टिकतं, कारण स्वयंपाकघरात धूर आणि आग आपण एकत्र पाहिलेली असतात. उपग्रहाला सोयाबीन दिसत नाही. त्याला पानावरून परतलेला प्रकाश दिसतो. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. त्यावरून पिकाचं अनुमान. पण पाऊस जास्त झाला की सोयाबीन नुसतं माजतं, वरून हिरवंगार आणि शेंगा पोचट. धूर आहे, आग नाही! शिवाय ऐन खरिपात आभाळ भरलेलं. ढगांतून पाहायला रडार लागतं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार उपग्रह ते करतो. पण रडारलाही शेंग उघडून पाहता येत नाही.

मग स्वयंपाकघर कुठं? तर आपल्या शिवारात, पीक कापणी प्रयोगात. ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. आता पीक विम्यात या वजनाबरोबर उपग्रहाचा अंदाजही धरू लागलेत. भरपाई मात्र महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. म्हणजे डोळा शेत ओळखतो, आणि निर्णय कित्येक गावांना मिळून एकच.

रॉकेट परत येऊ लागल्यामुळे चित्रं स्वस्त होतील, रोज येतील. मग लोक म्हणतील, चित्र आहे ना, कापणीचा खर्च कशाला? मला भीती आहे ती इथे. कापणी बंद झाली तर धूर आणि आग एकत्र पाहिलेला साक्षीदारच उरणार नाही, आणि रिसोड-मानोऱ्याच्या शेतकऱ्याला चित्राशी वाद घालायला आधार राहणार नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चित्रं वाढतील तसे कापणी प्रयोगही वाढवा, ते गावकऱ्यांसमोर करा, आणि ज्या चित्रावरून भरपाई ठरली ते चित्र ग्रामपंचायतीत लावा. भास्कराच्या रेषेतली चूक आपल्याला काढता आली, कारण त्याने गावांची नावं उघड लिहून ठेवली होती.