हात धुणे आणि हात झटकणे

भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वरणगावला पोहोचते. लहान शस्त्रांची काडतुसे तयार करणारी आयुधनिर्माणी येथे १९६४ साली उभी राहिली आणि शेतीवर जगणाऱ्या या परिसरात पगारावर जगणारी वसाहत आली. गावाला लागून लोहमार्ग, जवळच दारूगोळा आणि ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात पवित्र शास्त्र! इंग्रजी भाषेतील कितीतरी वाक्प्रचार नेमके या तीन ठिकाणांहून निघाले आहेत. आपली मुले परीक्षेसाठी त्यांचे अर्थ पाठ करतात. परंतु अर्थ पाठ झाला म्हणजे वाक्प्रचार कळला, असे नव्हे. त्यामागील माणसांचा अनुभव कळावा लागतो.

प्रथम लोहमार्गाचे पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढील दशकात रूळ खानदेशात आले आणि १८६७ साली ते भुसावळमार्गे नागपुरास भिडले. गाडीबरोबर भाषाही आली. शासनाने एखाद्या योजनेस मंजुरी दिली की वृत्तपत्रे 'हिरवा कंदील दाखवला' असे छापतात. गंमत अशी की, इंग्लंडमधील आरंभीच्या लोहमार्गांवर मार्ग मोकळा असल्याची खूण पांढऱ्या दिव्याची होती. हिरवा दिवा 'जपून जा' असे सांगे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे ही पद्धत बदलली आणि हिरव्याला आजचा अर्थ मिळाला. विस्कटलेला संसार 'रुळावर आला' म्हणजे काय, हे भुसावळ परिसरातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या शब्दांमागील वस्तू रोजच्या पाहण्यातली असते, ते शब्द परके राहत नाहीत.

बंदुकीच्या वाक्प्रचारांची कथा थोडी वेगळी आहे. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे जुन्या बंदुकीचे तीन भाग : चापाची कळ, दस्ता आणि नळी. तिन्ही मिळून अख्खी बंदूक होते. म्हणून अर्थ झाला 'एकूण एक, सगळेच्या सगळे'. गाव सोडणाऱ्याविषयी आपण 'बाडबिस्तऱ्यासह गेला' म्हणतो, तसेच काहीसे हे आहे. 'फ्लॅश इन द पॅन' हा चकमकीच्या बंदुकीतला. कानाजवळच्या पाळ्यातील दारू भपकन पेटे, पण नळीतील बार उडत नसे. मराठी माणसाने हाच अनुभव 'फुसका बार' या दोन शब्दांत केव्हाच बांधून ठेवला आहे.

'बाईट द बुलेट'चा अर्थ, अटळ वेदना धैर्याने सोसणे. काहीजण त्याचा संबंध १८५७ च्या उठावाशी जोडतात. एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाचे कागदी आवरण दातांनी फाडावे लागे आणि त्यावरील चरबीच्या संशयाने शिपायांत असंतोष भडकला, हे खरे. परंतु फटके खाताना ओरडायचे नाही म्हणून शिशाची गोळी चावणाऱ्या शिपायाची नोंद फ्रान्सिस ग्रोस याच्या १७९६ च्या कोशातच सापडते. तेव्हा मूळ त्याहून जुने असले पाहिजे. याचे 'गोळी चावणे' असे भाषांतर केले, तर आपल्या घरातील आजीला औषधाची गोळी आठवेल! 'छातीवर दगड ठेवणे' म्हटले की तिला सारे कळते.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. येथे इंग्रज आणि आपण एकाच विहिरीचे पाणी पितो. 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडेल याने १५३० च्या आपल्या भाषांतरात घडवला. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बोकड आहेत. एकाचे अर्पण होते. दुसऱ्याच्या माथ्यावर लोकांची पापे ठेवून त्याला जिवंतच रानात सोडले जाते. 'स्केपगोट' तो हा दुसरा. आपण 'बळीचा बकरा' म्हणतो तेव्हा चित्र पहिल्याचे उभे राहते. 'दुसऱ्याच्या माथी खापर फोडणे' हा प्रयोग अर्थाला अधिक जवळचा आहे.

याहून मोठा घोटाळा हातांचा आहे. क्रुसाच्या वाटेचे पहिले स्थान आपण जाणतो. निर्दोष प्रभूला मरणाच्या हवाली करताना पिलाताने लोकांसमोर हात धुतले. त्यावरून इंग्रजीत 'हात धुणे' म्हणजे जबाबदारी नाकारणे. पण मराठीत 'हात धुऊन पाठीस लागणे' म्हणजे पिच्छा पुरवणे आणि 'वाहत्या गंगेत हात धुणे' म्हणजे आयती संधी साधणे. इंग्रजी शब्द जसेच्या तसे उचलणाऱ्या विद्यार्थ्याने 'पिलात हात धुऊन येशूच्या पाठीस लागला' असे लिहिले, तर पिलाताचा अपराधच बदलतो! तो वैरी नव्हता. सत्य दिसत असूनही त्याने 'हात झटकले', 'काखा वर केल्या'. आपल्या हातून नित्य घडणारे पाप बहुधा हेच असते. आणि नेमका शब्द हरवला, तर ते पाप ओळखण्याचे साधनही हरवते.

या बाबतीत एक इंग्रजच आपला गुरू आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. शास्त्रातील कथा सांगताना त्यांनी स्वतःच्या मातृभाषेचे साचे आपल्यावर लादले नाहीत. ओवी घेतली, पुराणाची रीत घेतली आणि येथील माणसाच्या कानाला रुचेल अशा बोलीत ते बोलले.

वाचकहो, आपल्या मुलांनी इंग्रजी वाक्प्रचार अवश्य शिकावेत. मात्र प्रत्येक वाक्प्रचाराबरोबर 'याला आपली आजी काय म्हणते?' असे त्यांना एकदा विचारावे. उत्तर घरातच मिळेल, आणि ते विचारण्याच्या निमित्ताने मुले आजीजवळ घटकाभर बसतील.