कॅमेऱ्याला स्तंभ, रिळांना भंगार

मुंबईच्या चोरबाजारातला जुना प्रोजेक्टर कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंच्या हाती लागला आणि त्याची यंत्रणा पाहून त्यांनी कॅमेरा घडवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो पुरा केला. त्याच कॅमेऱ्याने टिपलेला मूकपट 'सैरंध्री' पडद्यावर आला १९२० साली.

मूकपटांच्या काळात कॅमेरा हातानेच फिरवायचा. हँडलच्या एका फेरीत साधारण आठ चौकटी, सेकंदाला दोन फेऱ्या. मनगट जरा ढिलं पडलं, की पडद्यावरची माणसं धावत सुटायची! फिल्म ३५ मिलिमीटरची, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. हे माप पुढे जवळपास शतकभर टिकलं.

फिल्म मात्र टिकली नाही. नायट्रेटची रिळं भपकन पेट घेत, उष्ण हवेत कुजत. वर त्यांच्यात चांदी. त्या चांदीसाठी देशभर कितीतरी रिळं विकली, वितळवली गेली. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांतले 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे काही भागच हाती उरले आहेत.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आणि तो हवाच. पण ठेवायचं काय नि विकायचं काय, असा प्रश्न घरात आलाच, तर कॅमेरा खुशाल विका. माळ्यावरची रिळं भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एकदा कळवा.